भिंतीचं पोट

३ मार्च

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा, रक्तदाबाला ते बरं. म्हणून ही वही. सुरुवातीलाच लिहून ठेवते की मला जगात एकाच बाईचा राग येतो आणि ती माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहते.

ती माझी धाकटी जाऊ. मी तिला खालची म्हणते. ती मला वरची म्हणते, हे तिच्याच मुलीच्या तोंडून एकदा निसटलं. आमचं घर उतारावर आहे. वरच्या मजल्याचं दार वरच्या बागेत उघडतं, ती बाग माझी. खालच्या मजल्याचं दार खालच्या बागेत उघडतं, ती तिची. दोन्हींच्या मध्ये माणसाहून उंच दगडी भिंत आहे, तिने माझ्या बागेची माती धरून ठेवलीय. हे सगळं सासऱ्यांनी उभं केलं आणि जाताना लिहून ठेवलं की दोन मुलांपैकी जो घर सोडून जाईल त्याचा वाटा राहणाऱ्याचा. दोन्ही मुलगे घर न सोडताच वारले. उरल्या दोघी सुना. मला मूलबाळ नाही. तिला एक मुलगी आहे, दुसऱ्या गावी असते, आईला सारखी बोलावते. आई चार दिवस जाते आणि परत येते. कायमची का जात नाही ते मला ठाऊक आहे. खालची बाग माझी झालेली तिला बघवणार नाही.

आणि मला तीच हवी आहे. तिथे दिवसभर ऊन असतं. माती इतकी भुसभुशीत की हात घातला तर मनगटापर्यंत जातो. मी जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं, कापड हातात घेतलं की कळतं टिकेल की विरेल. मातीचंही कळतं. असल्या मातीत ती बाई पुदिना आणि गुलाब लावते. माझ्या हातात आली तर मी तिथे काय काय करीन ते लिहायला बसले तर वही पुरणार नाही.

वाट बघायची माझी तयारी आहे. प्रकृती माझी जास्त चांगली आहे.

१९ मार्च

बाग म्हातारी झाली की माणसापेक्षा वाईट. माणूस निदान कुठे दुखतंय ते सांगतो. जाईच्या मांडवाचे दोन खांब बुडापासून कुजलेत. फाटक बिजागरीतून सुटलंय. वाफ्यांच्या कडेच्या विटा जिभेवर ठेवल्या तर विरघळतील अशा झाल्यात. सुताराला बोलावलं. त्याने खांब बदलले आणि मांडव जरा तिरका केला. मी म्हटलं, बाबा, ही शिवण उसवून परत घाल. त्याला कळलं नाही. मग स्पष्ट सांगितलं, तेव्हा कळलं.

ठोकाठोकी चालू असताना खालचीने दोनदा वर पाहिलं आणि दोन्ही वेळा कानावर हात ठेवले. तिसऱ्यांदा पाहील म्हणून मी सुताराला उगाचच आणखी चार खिळे मारायला लावले.

११ जुलै

आज भांडण झालं. सगळं लिहिते म्हणजे उतरेल.

भिंतीच्या तळाशी ओळीने भोकं आहेत, त्यांत मातीच्या नळ्या बसवलेल्या आहेत. पाऊस झाला की माझ्या बागेत मुरलेलं पाणी त्यांतून तिच्या बाजूला निघतं. थोडं गढूळ असतं. पावसाळ्याच्या आधी तिने तिथे नवी फरशी घालून घेतली होती. आज सकाळी फरशीवर चिखलाचे ओघळ आले. ती खालून हाका मारू लागली. सगळी गल्ली ऐकत होती.

"जाऊबाई, तुमची घाण माझ्या दारात येते. तुमचं पाणी तुमच्यापाशी ठेवा."

मी म्हटलं, पाणी उताराकडे जातं, मी त्याला पाठवत नाही. ती म्हणाली, तुमच्या बाबतीत तेवढी एकच गोष्ट नशिबाने सरळ चालते. यावर मागच्या घरातला टेम्पोवाला हसला. त्याचं हसणं मी विसरणार नाही.

दुपारी नीट बघितलं तेव्हा दुसरीच गोष्ट लक्षात आली. त्या भोकांच्या बरोबर खाली तिचे गुलाब आहेत. लोक थांबून बघतात असे गुलाब. मी दर वर्षी वर शेणखत घालते, त्याचा अर्क झिरपत झिरपत कुठे जातो? खत माझं, पाणी माझं, कंबर माझी मोडते आणि कौतुक हिच्या गुलाबांचं. वर पुन्हा घाण म्हणते.

ठीक आहे. माझं पाणी माझ्यापाशी.

२ ऑगस्ट

खालची मुलीकडे गेली आहे, आठवड्याने येईल. पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि आज भिंत कोरडी होती. घमेल्यात सिमेंट कालवलं, जुन्या पोत्यांच्या चिंध्या केल्या, बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरले. एकेका नळीत चिंधी ठासली आणि वरून सिमेंटचं बूच बसवलं. काम सुबक झालं. काजं भरल्यासारखी ओळ दिसते.

गुडघे गेले, पण फार दिवसांनी इतकी छान झोप लागेल असं वाटतंय.

१० ऑगस्ट

आली. सामान दारात ठेवून आधी गुलाबांकडे गेली. भिंतीपाशी उभी राहिली. मी मांडवाखाली उत्तरं तयार ठेवून बसले होते. एकेक बूच तिने बोटाने चाचपलं. मग वर पाहिलं, माझ्याकडे, बराच वेळ. आणि आत निघून गेली.

एक शब्द नाही. मला हे पटलं नाही. घसा साफ करून बसलेल्या माणसाचा हा अपमान आहे.

२७ फेब्रुवारी

नवी वही. जुनीत खालचीशिवाय काही नव्हतं, या वहीत बागेबद्दल लिहायचं ठरवलंय.

लिंबाची पानं पिवळी पडताहेत. भिंतीलगतचं मोठं झाड, सासऱ्यांनी लावलेलं. इतकी वर्षं त्याने कधी तक्रार केली नाही. पाणी कमी पडत असणार. आळं मोठं केलं, सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं.

खालच्या गुलाबांना यंदा कळ्या कमी आहेत. हे बागेबद्दलच आहे.

१४ मे

लिंबाला दुप्पट पाणी देते तरी पानं गळताहेत. फांद्यांची टोकं वाळलीत. भर उन्हाळ्यात माती मात्र ओली आहे, तळहाताला गार लागते, आणि तिला कोंदट वास येतोय. मातीला असा वास आपोआप येत नाही. कुणीतरी काहीतरी ओतत असणार. साबणाचं पाणी, नाहीतर मीठ. आणि कोण ओतणार हे कुणाला विचारायला नको. पायऱ्या मला उतरता येतात तशा तिला चढताही येतात.

पुतणी सुट्टीला आली होती. तिला मी आडून विचारलं की तुझी आई सकाळी वर येते का. ती म्हणाली, "काकू, आईला तुमच्या बागेची पायरी चढायची असती तर ती बाबांच्या वेळीच चढली असती." मुलगी आईवर गेलीय. पण खोटं बोलत नाही.

तरीही मी पायरीवर राख पसरून ठेवली आहे. पाऊल उमटलं तर कळेल.

२२ मे

राखेत मांजराची पावलं. मांजर खालचीचं आहे.

६ सप्टेंबर

पाऊस यंदा दमदार. माझ्या बागेत चाललं की चप्पल चिखलात राहते आणि पाय पुढे जातो. जाईची मुळं उघडी पडली. मोगऱ्याची एक ओळ सबंध मेली. मी उरलेल्यांना खत घातलं. खालची तिच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि अधूनमधून वर बघते. तिच्या चेहऱ्यावर एक शांतपणा असतो. तो मला सोसत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी समजू शकले असते.

१८ जानेवारी

आज एक नवीन गोष्ट. भिंतीला पोट आलंय.

पायऱ्यांवरून उतरताना कडेने नजर टाकली तर मधला भाग बाहेर आलेला दिसला. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दोऱ्याला कात्री बांधून वरून सोडली. दोरा वर भिंतीला टेकला, मध्ये दगडाने त्याला ढकलून बाहेर काढलं आणि कात्री खाली लोंबत राहिली. पोट आहेच.

कारण समोरच होतं. खालचीने भिंतीच्या पायथ्याशी पुदिन्यासाठी चर खणला आहे. पायाच उकरला तर भिंत दुसरं काय करणार? मी वरून सांगितलं, पायापाशी खणू नकोस. तर म्हणाली, माझी जमीन आहे, मी तिथे विहीर खणीन. आणि दुसऱ्या दिवशी तो चर हातभर लांब केला.

माझी बाग पाडून तिला ती मिळणार नाही. पण माझीही राहणार नाही, एवढं तिला पुरेसं असावं. अशा मनाची बाई आहे.

५ फेब्रुवारी

गवंडी येऊन गेला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा माणूस. भिंतीवर थाप मारून म्हणाला, घोडी आहे घोडी, अजून दोन पिढ्या जाईल. पोटाचं काय, म्हटलं. वय झालं की सगळ्यांनाच येतं, म्हणाला आणि स्वतःच्याच पोटावर हात फिरवून हसला. दगडांमधल्या सगळ्या फटी सिमेंटने भरून वरून प्लास्टर केलं. दोन दिवस काम चाललं. खालचीने तिच्या बाजूला माणसं येऊ द्यायला कुरकुर केली, पण चहा मात्र तिनेच दिला. मला दाखवायला.

आता भिंत गुळगुळीत दिसते. पोट तिथेच आहे, फक्त कपडे चांगले घातलेत.

३० जून

लिंबू मेलं. शेवटचं पान आज गळलं. सासऱ्यांनी लावलेलं झाड माझ्या हातात मेलं. मी पाणी घालायला एक दिवस चुकले नाही. तापात उठून घातलंय. मी रडले, आणि खालची बघत होती म्हणून पाठ करून रडले.

२१ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. सकाळी छत्री घेऊन बागेत गेले. भिंतीच्या कडेला, माझ्या बाजूला, माती फाटली आहे. मांडवापासून लिंबाच्या खोडापर्यंत लांब भेग. त्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आत पाणी होतं.

खाली पाहिलं. खालचीची खुर्ची तिच्या दारात होती, पत्र्याखाली, भिंतीपासून बऱ्यापैकी लांब. ती वाटाणे सोलत होती. मी ओरडून सांगितलं, भिंतीपासून लांब राहा, आत जाऊन बस. मी खरंच काळजीने सांगत होते, हे लिहून ठेवते, कारण पुढे कुणी विचारलं तर हे असं होतं.

तिने वर पाहिलं. सोलायचं थांबवलं. मग म्हणाली, "आता मी माझ्या दारात कुठे बसायचं तेही तुम्ही ठरवणार का?" आणि उठून खुर्ची उचलली आणि थेट भिंतीला लावून ठेवली. छत्री उघडली, वाटाण्यांचं ताट मांडीवर घेतलं आणि पाठ भिंतीला टेकून सोलायला लागली.

मी पायऱ्यांनी खाली जाऊन तिला हाताला धरून उठवायला हवं होतं. मी काय केलं, तर म्हटलं, बस मग, बघते मी किती वेळ बसतेस. आता वाटतं हे वाक्य म्हणायला नको होतं. त्यामुळेच ती आणखी दोन तास बसली असणार.

तेव्हा काही झालं नाही. दुपारी पाऊस थांबला, ऊन पडलं. ती अजूनही तिथेच होती. पाऊस थांबल्यावर भिंत पडेल असं कुणाला वाटेल?

२२ जुलै

काल अर्ध्यावरच थांबले. आज पुरं करते.

आवाज फार मोठा नव्हता. आधी जाईचा मांडव हलला. मग माझ्या डोळ्यांसमोर अर्धी बाग खाली गेली. लिंबाचं वठलेलं खोड उभंच्या उभं सरकत गेलं आणि तिच्या गुलाबांत जाऊन थांबलं. मी तिला हाक मारली. तिच्या नावाने हाक मारली. कित्येक वर्षांत ते नाव माझ्या तोंडात आलं नव्हतं.

पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. चिखलातून तिची छत्री दिसत होती, म्हणून ती कुठे असेल ते कळलं. ती उठायच्या बेतात होती म्हणून वाचली, ढिगाऱ्याच्या बाहेरच्या कडेला पडली होती. कमरेपासून खाली माती आणि दगड. मी हातांनी उकरायला लागले. नखं गेली. टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ धावत आले, पहार आणली, एक मोठा दगड तिच्या मांडीवर होता तो त्यांनी उचलायला घेतला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, कारण नाहीतर ती सारखी उठायला बघत होती.

तेवढ्यात ती बोलायला लागली. आवाज अगदी नेहमीचा.

"जाऊबाई, भोकं तुम्ही बुजवलीत."

"आत्ता ते कशाला काढतेस? हलू नकोस."

"मी आले त्याच दिवशी बघितलं. तेव्हाच कळलं मला. पाणी आता तुमच्याकडेच तुंबणार. तुमचं लिंबू कुजणार. म्हटलं, कुजू दे. रोज खुर्ची टाकून बघायचे मी. तुम्ही आणखी पाणी घालायचात आणि मला इतकं बरं वाटायचं." मग थोडं थांबून म्हणाली, "भिंतीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

माझा हात तिच्या केसांवरून फिरत होता, चिखल काढायला. तो तिथेच थांबला. म्हणजे सगळा वेळ तिला माहीत होतं. मी तापात उठून त्या झाडाला पाणी घालत होते आणि ही खाली बसून ते मरताना बघत होती. एक शब्द बोलली असती तर झाड वाचलं असतं, भिंत वाचली असती, तिचा पाय वाचला असता. इतकी दुष्ट बाई मी पाहिली नाही. भोकं मी बुजवली, पण ती तिनेच सांगितलं म्हणून. तुमचं पाणी तुमच्यापाशी ठेवा, हे शब्द कुणाचे होते?

हे मी तिला तिथेच सुनावणार होते. तेवढ्यात दगड उचलला गेला आणि ती ओरडली, त्यामुळे राहून गेलं.

२९ जुलै

मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. ऑपरेशन झालं. पुतणी आली आहे. पायऱ्यांवर बसून मला म्हणाली की आता आईला एकटीला ठेवता येणार नाही, मी तिला कायमची घेऊन जाते, आई तयार आहे. सासऱ्यांच्या अटीप्रमाणे खालचा वाटा तुमचा, कागद करून देऊ. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, तुम्ही जिंकलात."

मी जिंकले. नीट बघितलं तर मी काहीच केलं नाही, फक्त राहिले.

६ ऑगस्ट

खाली फिरून आले. कुलपाची किल्ली पुतणीने दिली आहे. बाग कशी लावायची ते मनात धरलं. गुलाबांपैकी निम्मे ढिगाऱ्याखाली गेले, उरलेल्यांवरचा चिखल धुतला आणि मोडक्या फांद्या छाटल्या. आता माझेच आहेत, मरून माझंच नुकसान.

मांजराला दूध ठेवलं. ते प्यायलं नाही.

१९ ऑगस्ट

डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब उत्तम. म्हणाले, काय केलंत? म्हटलं, शेजार बदलला. डॉक्टर खूश.

२ सप्टेंबर

लिहिण्यासारखं काही नाही.

१३ सप्टेंबर

गवंडी ढिगारा बघायला आला. मी त्याला त्याच्या प्लास्टरवरून झाड झाड झाडलं. तो प्रत्येक वाक्याला, बरोबर आहे ताई, म्हणत राहिला. असल्या माणसाशी भांडण्यात काय अर्थ आहे? पिठाच्या गोळ्यात सुई टोचल्यासारखं. अर्ध्यातच सोडून दिलं आणि घरात येऊन पडून राहिले.

जेवण होत नाही हल्ली. हवा बदलली आहे.

२४ सप्टेंबर

आज कागदांवर सही व्हायची होती. पुतणीने दवाखान्यातच बोलावलं होतं, वकील खाली थांबला होता. मी एवढ्या दिवसांत तिकडे गेले नव्हते. मला तिथे काय काम?

खिडकीजवळची खाट. मी आधी दुसऱ्याच बाईकडे गेले, खालची ओळखूच आली नाही. चादरीत एवढीशी झाली होती. शेजारी जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. पुतणी म्हणाली, कित्येक दिवस असंच चाललंय, दोन घास खाते आणि नको म्हणते.

खालचीने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. नीट हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही कशा आहात? बऱ्या आहात ना?"

चाळीस वर्षांत तिने मला ताई म्हटलं नव्हतं. ती पुढे म्हणाली की तुम्ही मला बाहेर काढलंत, मी विसरणार नाही, आता बाग तुम्ही घ्या, तुम्ही नीट सांभाळाल, माझ्याच्याने काही होणार नाही. पुतणीने तिच्या हातात पेन दिलं. ते तिच्या बोटांत धड उभंही राहत नव्हतं.

मला गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर आज खालची बाग माझी होती. पण मला तिच्या त्या गोड बोलण्याचा इतका राग आला की काय सांगू. मी म्हटलं, "सांभाळीन तर. पहिल्या दिवशी तुझे गुलाब मुळासकट उपटीन. फरशीवर सिमेंट ओतून टेम्पोवाल्याला गाडी लावायला देईन. तुझ्या स्वयंपाकघरात खताची पोती ठेवीन, आणि बरं झालं, तुझ्या हाताला काही चव नव्हतीच कधी. तू मुलीच्या बाल्कनीत एक कुंडी घेऊन बस. त्यात कोथिंबीर लाव. तीही येणार नाही."

पुतणी माझ्याकडे बघतच राहिली. मागच्या खाटेवरची बाई उठून बसली.

आधी खालचीचे कान लाल झाले. मग गळा. मग तिने उशीला हात लावून स्वतःला वर ओढलं, मुलगी पुढे आली तर तिचा हात झटकला, आणि बसली. पेन ताटावर टाकलं.

"कागद घेऊन जा," ती मुलीला म्हणाली. "ही बाई त्या घरात असेपर्यंत मी तिथून हलत नाही."

पुतणी म्हणाली, आई, तुला चालता येत नाही. आई म्हणाली, मग शिकवायला सांग त्यांना, पैसे कशाचे घेतात. आणि ताटावरचं झाकण काढून माझ्याकडे रोखून बघत जेवायला लागली. सगळं संपवलं. दही परत मागितलं.

जिन्यात पुतणी मला गाठून रडायला लागली. म्हणाली, किती मुश्किलीने मी तिला तयार केलं होतं, तुम्ही दोन मिनिटांत घालवलंत, तुम्हाला हवं होतं ते मिळत होतं ना, मग असं का बोललात? जिभेला हाड नाही माझ्या, दुसरं काय.

एवढ्या वर्षांची वाट बघणं वाया गेलं. घरी येऊन स्वतःवर इतकी चिडले की भाकरी जास्तीची खाल्ली गेली.

८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. रक्तदाब पुन्हा वाढलाय. गोळी बदलली.

२० नोव्हेंबर

आज ती आली. टेम्पोवाल्याने गाडीतून उतरवली, पुतणीने वॉकर पुढे ठेवला. नवी भिंत अजून नाही. गवंड्याला मी अजून होकार दिलेला नाही, उंची किती ठेवायची ते दोघींनी ठरवल्याशिवाय करता येणार नाही, म्हणून थांबवलंय. त्यामुळे माझी बाग आता सरळ उतरत तिच्या दारापर्यंत जाते आणि आम्ही एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत दिसतो. याची सवय नाही.

मी जाईच्या उरलेल्या मांडवाखाली उभी होते. कामच होतं तिथे. ती एकेक पाऊल टाकत गुलाबांपर्यंत गेली. वाकून एका फांदीचा छाटलेला भाग बघितला. छाट कुणी दिला ते तिला कळलं असणार, मी कोंबाच्या डोळ्यावर तिरका कापते, ती सरळ कापते. मग वॉकर वळवून माझ्याकडे तोंड केलं आणि मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "फारच वाळलात. लिंबाच्या वळणावर गेलात की."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मला त्या क्षणी काही सुचलं नाही. दार लागल्यावर सुचलं, आणि फार चांगलं सुचलं. सबंध दिवस ते वाक्य घोळवतेय, एक शब्द बदलून बघितला, पहिलंच बरं होतं. सकाळी ती ऊन घ्यायला बाहेर येईल. त्याच्या आधी उठून, वेणीफणी करून मांडवाखाली जाऊन उभी राहणार आहे.